विसाव्याचा दगड

लातूर-नांदेडला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं लगेच विचारतात, "दर्शन झालं का?" मी म्हणते, झालं, एका दगडाचं. त्यांना वाटतं मी चेष्टा करते आहे. चेष्टा करण्याची मला खोड आहे हे मान्य, पण या वेळी मी अगदी खरं सांगत असते.

आधी मी तिकडे कशाला गेले ते सांगते. विधी महाविद्यालयात मी एकतीस वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. त्यात वांशिक भेदभावाविरुद्धचा करार येतो. वर्षातून दोन तास त्याला मिळायचे आणि परीक्षेत त्यावर एक टीप हमखास यायची. या करारात वंश आणि रंग यांच्याबरोबर जन्मकुळावरून होणारा भेदभावही येतो. जन्मकुळाची तरतूद घाला, ही सूचना आपल्याच देशाच्या प्रतिनिधीची होती. पुढे करारावर देखरेख करणाऱ्या जिनिव्हातल्या समितीनं 'मग जातही यात येते' असं म्हटल्यावर 'आमचा अर्थ तो नव्हता' असं आपल्याच सरकारनं कळवलं. ही गंमत मी दरवर्षी वर्गात सांगायचे, मुलं हसायची आणि घंटा व्हायची. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं आहे त्यांच्यातलं कोणी समोरच बसलेलं असेल, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नाही.

सुमन तशी बसलेली असायची, तिसऱ्या बाकावर. आता ती नांदेडच्या न्यायालयात वकिली करते. मी निवृत्त झाल्यावर तिचा फोन आला. जिनिव्हाच्या समितीकडे काही वकील मिळून एक अहवाल पाठवणार होते आणि नांदेड-लातूरकडची प्रकरणं गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. "मॅडम, चार दिवस या," ती म्हणाली. "तिकडच्या लोकांची भाषा तुम्हाला येते, इकडच्या लोकांची मला."

लातूर

सुमनचं लातूरला एक काम होतं, म्हणून मी आधी तिथेच उतरले. आम्ही विश्वनाथअप्पांकडे राहिलो. अप्पा लिंगायत, त्यांचं बाजारात किराण्याचं दुकान आहे, आणि त्यांची मुलगी पुण्यात सुमनच्या खोलीवर राहायची. सकाळी त्यांच्याकडे सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून, पिळून, पोह्यांसारखे फोडणीला टाकायचे आणि वरून शेंगदाण्याचं कूट पेरायचं. पुण्यात चुरमुऱ्यांना भेळेच्या पलीकडे कोणी काही समजत नाही, हा आमचा करंटेपणा आहे.

पहिला घास पोटात जायच्या आत अप्पांनी माझं आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही बोध होत नाही. मग मूळ गाव कोणतं, तिथे कोणत्या आळीत घर, कुलदैवत कोणतं. तिसऱ्या उत्तराला अप्पांचा चेहरा मोकळा झाला आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, माणूस कुठे ठेवायचा ते कळल्याशिवाय त्यांना पुढे बोलता येत नव्हतं इतकंच. पुढच्या चार दिवसांत हा प्रकार इतक्या वेळा झाला की मी तिन्ही उत्तरं एका दमात देऊ लागले.

अप्पा दुकानात गेल्यावर मी सुमनला म्हटलं, आमच्या पुण्यात असं तोंडावर विचारत नाहीत. ती म्हणाली, पुण्यात खोली भाड्यानं मागून बघा. आणि मग अगदी सहज, वाटीतला शेवटचा दाणा टिपत म्हणाली, "तुमच्या आईंनी पण विचारलं होतं. मी पुस्तक परत द्यायला आले होते तेव्हा."

"मग?"

"मग काय, पाणी बाहेर व्हरांड्यात आलं."

मला त्या दिवसाची काहीही आठवण नव्हती. ती मला नव्हती आणि तिला होती, याची मला फार लाज वाटली. मी आणखी एक वाटी सुशीला वाढून घेतली. सुमननं तो विषय पुन्हा काढला नाही.

दुपारी अप्पा जेवायला आले तेव्हा आम्ही कोणत्या गावाला आणि कशासाठी चाललो आहोत ते सुमननं सांगितलं. नायगाव तालुक्यातल्या एका गावात मातंग वस्तीची मसणवट्याची वाट बंद झाली होती, ती मोकळी करून मिळावी म्हणून तिनं तहसीलमध्ये अर्ज केला होता. अप्पांना विषय अशुभ वगैरे वाटला नाही. उलट, आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. खड्ड्यात पद्मासन घालून बसवायचं, तळहातावर इष्टलिंग द्यायचं, विभूती आणि बेल वाहायचा. "आडवं कशाला करायचं? आयुष्यभर गल्ल्यावर बसलेला माणूस, बसलेलाच बरा दिसतो," ते म्हणाले. त्यांनी स्वतःची जागा शेतात चिंचेखाली धरून ठेवली आहे. आपल्याला त्याची फिकीर नाही, असं म्हणून ते भाताकडे वळले, आणि दोन घासांनंतर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ज्याला रानच न्हाई, त्यानं कुठं जावं म्हणता?"

नांदेड

दुसऱ्या दिवशी अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला आलो. भाद्रपद संपत आला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि मधूनच हळदीची हिरवी रुंद पानं दिसायची. नांदेडला उतरल्यावर सुमननं मला एका खानावळीत तहरी खायला घातली. मसालेदार पिवळा भात, वर आंबट खट्टा. निजामाच्या राज्यातून मराठवाड्याला मिळालेल्या गोष्टींत ही एक गोष्ट मला निर्विवाद चांगली वाटली.

न्यायालयाजवळच्या तिच्या खोलीत गेल्यावर तिनं माझ्यापुढे अहवालासाठी भरून घेतलेले अर्ज ठेवले. अर्जाचा नमुना मीच पुण्याहून करून पाठवला होता आणि मला त्याचा अभिमान होता. कराराच्या कलमांप्रमाणे प्रश्न होते. पहिलाच प्रश्न होता, 'जन्मामुळे आपल्याशी भेदभाव होतो का?' मी एकेक कागद उलटत गेले. नाही. नाही. नाही. सगळ्यांनी नाही म्हणून लिहून दिलं होतं. ज्या वस्तीची मसणवट्याची वाट बंद केली होती तिथल्या माणसांनीसुद्धा.

मी चक्रावले. सुमनला मात्र यात काही नवल वाटलं नाही. असा प्रश्न विचारला की माणसं आधी विचारणाऱ्याकडे बघतात, मग खिडकीबाहेर बघतात आणि नाही म्हणतात, ती म्हणाली. हो म्हणून त्याच गावात परत जायचं असतं. शिवाय जे रोजचं असतं त्याला असं भारदस्त नाव आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग तिनं माझा तो नमुना घडी घालून माझ्याच पिशवीत ठेवला. "उद्या प्रश्न विचारू नका, मॅडम. नुसतं चाला त्यांच्याबरोबर."

नायगाव तालुक्यातलं एक गाव

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. तिथे आम्हाला निलाबाई भेटल्या. चाळिशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या, तहसीलच्या अर्जावर पहिला अंगठा उमटवणाऱ्या त्याच. घरात त्यांची सासू होती, गयाबाई. वय कुणालाच नक्की माहीत नव्हतं; रझाकाराच्या वेळी लग्न झालेलं होतं एवढं त्या स्वतः सांगत. दाराशी उन्हात बसून त्या तंबाखू मळत होत्या. नजर अधू, पण जीभ शाबूत.

वाट कशी बंद झाली ते निलाबाईंनी सांगितलं. पोळ्याला गावाच्या बैलांपुढे हलगी वाजवायची आणि घरोघर तोरणं बांधायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या या वस्तीचं. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या तरुणांनी ते सोडलं. कुणी गाडी चालवत होतं, कुणी नांदेडला कामाला होतं, त्यांनी सांगितलं की आम्ही वाजवणार नाही, ज्याला हौस असेल त्यानं वाजवावी. गावात कुणी आवाज चढवला नाही. पुढच्या पेरणीला मात्र गावातले मोठे शेतकरी दत्तराव यांनी त्यांच्या रानातून जाणारी मसणवट्याची वाट नांगरून टाकली. दत्तरावांची जमीन ओढ्यापासून मसणवट्यापर्यंत सलग आहे, त्यामुळे दुसरी वाट उरली नाही.

मी ऐकत होते आणि मला माझे दोन तास आठवत होते. पिढीजात काम नाकारण्याचं स्वातंत्र्य, हे समितीच्या शिफारशीत आहे. फळ्यावर मी ते तिसऱ्या क्रमांकावर लिहायचे.

गेल्या वर्षी ऐन पावसात गयाबाईंचे धाकटे दीर वारले. त्यांना ओढ्याच्या पात्रातून न्यावं लागलं, कमरेइतक्या पाण्यातून. गयाबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. तंबाखू मळायची थांबवून त्या म्हणाल्या.

"खांदा बदलाया जागा न्हवती, माय. इसावा न्हाई, काय न्हाई. पोरं तशीच फरपटत गेली. मी मराया कवाच तयार हाय, पर मी पाण्यातून जायची न्हाई. वाट द्या, मग म्या जाते."

निलाबाई हसल्या आणि त्यांनी डोळेही पुसले. म्हातारी हे रोज म्हणते, त्या म्हणाल्या. मागच्या थंडीत तिचं खरंच काही खरं नव्हतं, डॉक्टरनं हात टेकले होते. वाट नाही म्हणून उठून बसली.

अडचण अशी होती की ही वाट नकाशावर कुठेच नव्हती. कागद नाही, आणि सांगणारी सगळी माणसं वस्तीतलीच. दुसऱ्या दिवशी मंडळ अधिकारी स्थळपाहणीला येणार होते आणि इथे वाट होती असं दाखवायला सुमनजवळ काहीही नव्हतं. जेवणात ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजक्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी आणि ठेचा होता. ठेच्यानं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, आणि त्या गंभीर घरात सगळ्यांना हसायला निमित्त मिळालं.

नंतर निलाबाई आम्हाला ती जागा दाखवायला घेऊन गेल्या. सुमन आतापर्यंत दोनदा आली होती, पण दोन्ही वेळा डांबरी रस्त्यावरूनच रान पाहून गेली होती. आम्ही ओढ्याकडून बांधावर चढलो. काळ्या मातीनं माझी एक चप्पल पट्ट्यासकट ठेवून घेतली, मग मी दुसरीही काढली आणि अनवाणी चालू लागले. समोर सगळं सोयाबीन, एकसारखं, वाट म्हणून काहीही नाही. आणि त्या पिकाच्या मधोमध बाजेएवढा एक गवताचा तुकडा, त्यात गुडघ्याएवढा सपाट दगड. नांगराचे तास त्याच्यापर्यंत सरळ येत होते, तिथे वळून पुढे पुन्हा सरळ होत होते.

ते काय आहे, असं मी विचारलं. निलाबाई म्हणाल्या, विसावा. मी आकाशाकडे बोट दाखवून हा सूर्य का, असं विचारलं असतं तर त्यांनी ज्या स्वरात उत्तर दिलं असतं त्याच स्वरात.

ज्यांच्या घरची माणसं शववाहिनीतून जातात त्यांच्यासाठी सांगते. तिरडी अर्ध्या वाटेवर खाली ठेवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. जागा ठरलेली असते आणि तिथे दगड असतो. माझे वडील गेले तेव्हा गाडी आली, दार लागलं आणि पंधरा मिनिटांत वैकुंठ स्मशानभूमी. विसावा हा शब्द मला माहीत होता, पण दगड मी पहिल्यांदाच पाहत होते.

सुमन जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं निलाबाईंना विचारलं की हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही, अर्जात का लिहिलं नाही. निलाबाईंना प्रश्नच कळेना. त्या दगडाचं नाव कुणी घरात काढतं का? गरज पडेल त्या दिवशी पोचायचं तिथे, एरवी त्याच्याबद्दल बोलायचं नसतं, मरण ओढवतं. वस्तीनं म्हणून तो दगड सांगितला नव्हता, आणि दत्तरावांनी बहुधा त्याच भीतीनं तो उपटला नव्हता. सगळी वाट पुसली आणि मध्ये वाटेची खूण तेवढी ठेवली.

परत येताना दत्तरावांनी आम्हाला हाक मारून चहाला बोलावलं. साठीचे, हसतमुख, अगत्यशील गृहस्थ. माझी चप्पल हरवली हे कळताच त्यांनी सुनेची नवी जोडी मागवली. सून पोटुशी होती, सावकाश चालत येऊन तिनं ती माझ्यापुढे ठेवली. मी नको नको म्हणत असताना दत्तराव म्हणाले, आमच्या गावात भेदभाव वगैरे काही नाही, आम्ही सगळे एक आहोत, आणि त्या रानात कधीच वाट नव्हती. चहा गोड होता आणि माणूसही मला वाईट वाटेना, हे माझं मलाच आवडत नव्हतं. निलाबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं आणि कुणी या असंही म्हटलं नव्हतं. मी जोडी परत दिली आणि अनवाणीच बाहेर पडले.

स्थळपाहणी

सकाळी मंडळ अधिकारी आले, त्याच भागातले, शांत स्वभावाचे. एका बांधावर वस्तीतली माणसं, दुसऱ्यावर दत्तराव, त्यांची पत्नी मथुराबाई, मुलगा आणि सालगडी. दत्तरावांनी कालचंच सांगितलं, इथे वाट कधीही नव्हती. सुमननं एवढंच विचारलं की मग तो दगड कसला आहे. दत्तराव म्हणाले, असेल शेतातला एखादा धोंडा.

मंडळ अधिकाऱ्यांनी वहीतून मान वर केली. "मग काढून टाका. पिकाची जागा कशाला अडवता? तुम्ही काढा, मी वाट नव्हती असं लिहितो."

दत्तरावांनी सालगड्याकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरकला. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा चपलेनं माती उकरत राहिला. शेवटी दत्तराव स्वतः पिकात शिरले, दगडापासून चार हातांवर गेले आणि थांबले. तेवढ्यात बांधावरून मथुराबाई बोलल्या, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"घरात सून दिवसाची हाय. त्या दगडाला हात लावायचा न्हाई."

दत्तराव तिथेच उभे राहिले. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. मंडळ अधिकाऱ्यांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं की सदर दगड विसाव्याचा असून तो हलवण्यास उपस्थितांपैकी कोणीही तयार नाही. खाली दोन्ही बांधांवरच्या माणसांच्या सह्या आणि अंगठे झाले.

हे सगळं चाललेलं असताना गयाबाई नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ओढ्याकडून वर आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सोयाबीनमधून त्या दगडापर्यंत गेल्या, त्यावर न बसता शेजारी गवतात टेकल्या आणि कनवटीची तंबाखू काढली. दत्तराव अजून तिथेच होते. गयाबाईंनी त्यांच्याकडे वर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या म्होरं माझ्या मालकानं हलगी वाजवली रं, पार सरणापतूर." दत्तराव हातातली काठी टेकवत पिकाला धक्का न लावता बाजूनं निघून गेले.

पुण्याला परत आल्यावर

दोन महिन्यांनी सुमनचा फोन आला. बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी करावी, असा हुकूम झाला होता. दत्तराव वरच्या अधिकाऱ्याकडे अपिलात गेले होते, पण स्थगिती मिळाली नव्हती आणि सोयाबीन निघाल्यावर वस्तीनं मुरूम टाकून घेतला होता. सुनेला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या.

मी भीत भीतच गयाबाईंची चौकशी केली. वाट मिळाली की जाते, असं त्या म्हणाल्या होत्या, ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. सुमन हसायलाच लागली. म्हातारी रोज सकाळी काठी घेऊन एकटी दगडापर्यंत जाते म्हणे. निलाबाईंनी विचारलं तर त्यांनाच दटावते. "मेल्यावर मला काय दिसनार हाय? आताच वापरून घेते."

जिनिव्हाला पाठवायच्या प्रकरणात शेवटचा एक रकाना आहे, 'सद्यस्थिती'. तिथे हुकूम आणि अपील दोन्ही नोंदवून झाल्यावर थोडी जागा उरली. मी सुमनला विचारून त्यात लिहिलं: गयाबाई रोज सकाळी या वाटेनं चालत जातात आणि चालत परत येतात.